आजोबांचा रंधा खरेच शंभर वर्षांचा?

प्रश्न : गावच्या घराचा माळा आवरताना आजोबांची सुतारकामाची पेटी सापडली. आजोबा स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबईच्या गोदीत सुतार होते. पेटीत एक लोखंडी रंधा आहे. त्यावर ‘स्टॅन्ली’, ‘बेली’, ‘नं. ५’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. शेजारचे काका म्हणतात, कंपनीने बनवलेला हा पाचवा रंधा आहे, शंभर वर्षांपूर्वीचा, आणि लाखांत जाईल. पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असे लिहिले आहे, पण त्या बिडाच्या दिसत नाहीत. एका पटाशीवर बाणाची खूण आहे. लाकडी रंध्यावर तर तीन वेगवेगळी नावे ठोकलेली आहेत. सगळ्यावर गंज चढला आहे. ओळखीचा एक जण ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळे चकचकीत करून द्यायला तयार आहे. करून घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथेच आहे. ग्राइंडरवाल्याला आधी थांबवा. तुम्ही जे काही विचारले आहे, त्यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या हत्यारांवरच लिहिलेली आहेत आणि तारेचा ब्रश ती पुसून टाकतो. आधी वाचायचे, मग घासायचे. तेव्हा एक ओला नव्हे, कोरडा फडका घ्या, धूळ आणि कोळ्याची जाळी झटका, आणि हत्यारे उन्हात तिरकी धरून एकेक अक्षर कागदावर उतरवून घ्या. तिरक्या उजेडात पुसट ठसेही वाचता येतात.

आता काकांच्या दाव्यांकडे वळू. ‘नं. ५’ म्हणजे पाचवा नग नव्हे. तो मापाचा आकडा आहे. या जातीचे साधे रंधे एक ते आठ क्रमांकांत येत. एक नंबर सगळ्यांत लहान, जेमतेम साडेपाच इंच लांबीचा. आठ नंबर दोन फुटांचा. चार नंबर नऊ इंचांच्या आसपासचा, शेवटचा हात फिरवायला. तुमचा पाच नंबर चौदा इंचांचा असेल. पट्टी लावून पाहा. खडबडीत फळी सपाटीवर आणण्याचे पहिले कष्टाचे काम त्याचे. त्यामुळे तो जगभर सुतारांच्या पेट्यांत असे, आणि म्हणूनच कंपनीने तो अफाट संख्येने बनवला. अफाट संख्येने बनलेली वस्तू लाखांत जात नाही. संग्राहक ज्याच्यामागे धावतात तो एक नंबरचा, कारण इतक्या चिमुकल्या रंध्याचा सुताराला फारसा उपयोग नसे, म्हणून तो कमी खपला आणि आज कमी सापडतो. जो कामाचा नव्हता तोच आज महाग, असा हा उलटा बाजार आहे.

‘बेली’ हे माणसाचे नाव. लेनर्ड बेली हा अमेरिकेत बोस्टनला रंधे बनवत असे. जुन्या लाकडी रंध्यात पाते पाचरीने अडकवलेले असते. पाते किंचित पुढे-मागे करायचे तर हातोडीने टिचक्या मारत बसावे लागते. बेलीने बिडाच्या सांगाड्यात पितळी चाक बसवले. बोटाने चाक फिरवले की पाते केसभर खाली-वर होते. स्टॅन्ली कंपनी तेव्हा कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावात मोजपट्ट्या आणि पाणसळी बनवत होती. तिने १८६९ साली बेलीचा धंदा विकत घेतला. पुढे त्याचे आणि कंपनीचे बिनसले, त्याने ‘व्हिक्टर’ नावाचे स्वतःचे रंधेही काढले. पण त्याची मूळ रचना इतकी जमलेली होती की स्टॅन्लीने त्याचे नाव रंध्यावरून काढले नाही. आज दुकानात मिळणारा लोखंडी रंधा कुठल्याही कंपनीचा असो, आतून बहुधा बेलीचाच असतो.

मग वय किती? इथे ‘मेड इन इंग्लंड’ हे तीन शब्द तुमच्या कामाला येतात. स्टॅन्ली मुळात अमेरिकन. तिने शेफील्डमधली चॅपमन नावाची हत्यारांची कंपनी घेऊन इंग्लंडमध्ये रंधे बनवायला सुरुवात केली ती १९३६-३७ च्या सुमारास. त्याआधीच्या स्टॅन्ली-बेली रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असणे शक्यच नाही. म्हणजे तुमच्या रंध्याची शंभरी अजून भरायची आहे. आजोबांच्या गोदीतल्या नोकरीच्या काळाशीही हे जुळते. काकांना मात्र हे जरा बेताने सांगा.

कोणाकडे अमेरिकन रंधा असेल तर त्याच्या सांगाड्यावर, पात्याच्या मागच्या बाजूला, पेटंटच्या तारखा ओतलेल्या आढळतात. तीन तारखा असतील तर त्यातली शेवटची १९१० च्या एप्रिलची असते. अनेक जण तीच रंध्याची जन्मतारीख समजतात. पेढ्याच्या खोक्यावर ‘स्थापना १९३५’ असे छापलेले असते म्हणून पेढे १९३५ चे होत नाहीत, तसेच हे. तारखेवरून एवढेच कळते की रंधा त्या दिवसाच्या आधीचा नाही. नेमका काळ ठरवायला बारीक खुणा जुळवाव्या लागतात. पुढची गोल मूठ बुटकी असेल तर रंधा साधारण १९२० च्या आधीचा, उंच असेल तर नंतरचा. पात्यावर हृदयाच्या आकारात ‘एस. डब्ल्यू.’ अशी अक्षरे असतील तर पाते १९२० ते १९३५ च्या दरम्यानचे. ते हृदय प्रेमाचे नव्हे; कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची ती कोटी आहे. पाते दाबून धरणाऱ्या वरच्या पट्टीतले स्क्रूचे भोक साध्या किल्लीच्या आकाराचे असेल तर १९३३ च्या आधीचे, घेवड्याच्या दाण्यासारखे वाकडे असेल तर नंतरचे. दुसऱ्या महायुद्धात पितळ दारूगोळ्याकडे वळले, तेव्हाच्या रंध्यांना पितळेऐवजी टणक रबराचे किंवा लोखंडाचे चाक मिळाले.

पण सावध. पाती झिजतात, पट्ट्या मोडतात, सुतार दुसऱ्या रंध्याचे भाग बसवतो. म्हणून पात्यावरचा ठसा पात्यापुरता आणि पट्टीवरचा पट्टीपुरता खरा. वय ठरवताना सगळ्यात जास्त भरवसा ओतीव सांगाड्यावर ठेवायचा. तो बदलता येत नाही. निळ्या रंगाचा आणि क्रमांकाच्या आधी शून्य असलेला, म्हणजे ०४, ०५ असा रंधा सापडला तर तो शेफील्डच्याच ‘रेकॉर्ड’ या छापाचा. तोही १९३० नंतरचा, आणि कामाला चोख.

‘कास्ट स्टील’ने तुम्हाला बुचकळ्यात टाकले त्यात नवल नाही. बीड ओतीव असते म्हणून ओतीव पोलादही बीडच असेल, असा तर्क कोणीही करील. पण बिडाची पटाशी पहिल्याच घावाला फुटली असती. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये पोलाद बनायचे ते लोखंडाच्या सळ्या कोळशात दिवसेंदिवस भाजून. त्यात कार्बन वरच्या थरात जास्त, आत कमी, एकसारखेपणा नाही. बेंजामिन हंट्समन हा घड्याळे बनवणारा माणूस. त्याला कमानींसाठी भरवशाचे पोलाद हवे होते. त्याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ तसल्या सळ्यांचे तुकडे बंद मातीच्या मुशीत घालून पूर्ण वितळवले आणि ओतून लाट्या केल्या. वितळल्यामुळे कार्बन सगळीकडे सारखा पसरला आणि मळीही वर तरंगून वेगळी झाली. त्या मुशीतल्या पोलादाचा अभिमान म्हणून शेफील्डचे कारागीर हत्यारावर ‘कास्ट स्टील’ ठोकत. विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्या आल्या, तसा हा ठसा हळूहळू मागे पडला. तेव्हा हा ठसा दिसला की पटाशी जुन्या घडणीची आहे, असे समजायला हरकत नाही.

हे पोलाद महाग होते. म्हणून जुन्या रंध्याच्या पात्याला आणि पुष्कळ पटाश्यांना ते अख्खे वापरत नसत. अंग साध्या घडीव लोखंडाचे आणि धारेकडच्या भागाला पोलादाची पातळ पट्टी भट्टीत तापवून, घण मारून जोडलेली. धारेचा तिरका भाग दगडावर नीट घासा आणि उजेडात पाहा. एक आडवी रेघ दिसेल. रेघेच्या एका बाजूला करडे मऊ लोखंड, दुसऱ्या बाजूला जास्त उजळ, घट्ट कणांचे पोलाद. ही रेघ दिसली की दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, ते पोलाद पात्याच्या सपाट बाजूला आहे. म्हणून तिरक्या बाजूवरच्या गंजाने फारसे बिघडत नाही, पण सपाट बाजूला धारेपाशी गंजाचा खड्डा असेल तर धार कितीही लावा, तिथे खाच पडणारच. दुसरी, पोलादाची पट्टी पात्याच्या टोकापर्यंतच पुरते, मुळापर्यंत नाही. पाते झिजून पट्टी संपली असेल तर ते पाते आता फक्त आठवण म्हणून ठेवायचे.

बाणाची खूण हा कारखान्याचा शिक्का नाही. तीन रेघांचा तो रुंद बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची शतकानुशतके चालत आलेली खूण आहे; तोफेपासून हातोडीपर्यंत सगळ्यावर तो असे. मग गोदीतला सरकारी माल घरच्या माळ्यावर कसा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आजोबांवर लगेच संशय घेऊ नका. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल ढिगाने लिलावात निघाला आणि त्यातली हत्यारे कितीतरी सुतारांच्या पेट्यांत गेली. बाणाची पटाशी घरात असणे म्हणजे चोरी नव्हे.

लाकडी रंध्यावरची तीन नावे सोडवायला सोपी आहेत. इंग्लंड-स्कॉटलंडमधले रंधे बनवणारे आपले नाव पुढच्या टोकावर, लाकडाच्या आडव्या छेदावर ठोकत. ते एकदाच, सरळ, आणि बरेचदा खाली गावाचे नाव. मालकांचे ठसे मात्र वाकडेतिकडे, दोन-तीनदा, कधी अंगावर तर कधी मागे. कारखान्यात दहा जणांची हत्यारे एका बाकावर पडलेली असत, तेव्हा ‘हा माझा’ हे ठोकून सांगावे लागे. तीनपैकी दोन नावे तरी मालकांची असणार. गावाचे नाव कुठेच नसेल आणि लाकूड शिसवाचे किंवा बाभळीचे असेल, तर रंधा इथलाच आहे. आपल्याकडे सुतार पाते विकत आणून लाकडी अंग स्वतः घडवत असे. शेफील्डचे पाते आणि कोकणातले लाकूड असा हा संसार अगदी नेहमीचा. मला विचाराल तर पेटीतली खरी एकमेव वस्तू हीच. स्टॅन्ली दुसरा मिळेल, हा मिळणार नाही.

आता गंजाकडे. सगळा काळेपणा म्हणजे गंज नव्हे. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागतो तो गंज वाईट. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि खालचे लोखंड पोखरत राहतो. काळसर, गुळगुळीत, घट्ट चिकटलेला थर हा वेगळा. तो लोखंडाला थोडेफार झाकूनच धरतो. तांबडा काढायचा, काळा राहू द्यायचा. तारेचा फिरता ब्रश हा फरक जाणत नाही. तो ठसे बुजवतो, कडा गोल करतो, रंध्याच्या सांगाड्यावरचे काळे भट्टीतले लुकण उडवतो. करवतीवर तर तो फारच वाईट. जुन्या चांगल्या करवतींच्या पानावर आम्लाने कोरलेले बारीक चित्र असते. गंजाखाली ते दिसत नाही, आणि जोराने घासले की कायमचे जाते. करवतीचे पान सपाट लाकडी ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, रॉकेल लावून, लांबीच्या दिशेने हलके घासायचे आणि मध्ये मध्ये थांबून पाहायचे.

ग्राइंडरचा दुसरा धोका जास्त मोठा, तो म्हणजे उष्णता. पटाशीला पाणी दिलेले असते, म्हणजे लाल तापवून, एकदम थंड करून, पुन्हा साधारण सव्वादोनशे अंशांपर्यंत तापवून तिचा कडकपणा बेतात आणलेला असतो. चाकावर धार धरली की पातळ टोक क्षणात त्या सव्वादोनशेच्या पुढे तापते. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग निळा. निळा दिसला की तिथले तापमान तीनशेच्या आसपास गेले आणि पाणी उतरले. पुन्हा पाण्यात बुडवून ते परत येत नाही; निळा भाग हळूहळू घासून काढणे एवढाच उपाय. तुमच्या पटाश्यांचे पाणी शाबूत आहे का हे पाहायचे तर धारेच्या कोपऱ्यावर बारीक कानस लावा. कानस घसरली किंवा जेमतेम लागली तर उत्तम. लोण्यासारखी कापत गेली तर पूर्वीच कोणीतरी उद्योग करून ठेवला आहे.

मग गंज काढायचा कसा? किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम घाला. प्लास्टिकच्या टबात लोखंडी भाग पूर्ण बुडवा. अर्धवट बुडाले तर पाण्याच्या रेषेवर वळ उठतो. काही तासांनी काढून नायलॉनच्या ब्रशने घासून पाहा. रात्रभर पुरे होते. त्याहून जास्त ठेवले तर आम्ल गंज संपवून लोखंडाकडे वळते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, फडक्याने लगेच पुसा आणि उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने खडखडीत कोरडे करा. कोकणातल्या हवेत ‘लगेच’ म्हणजे अक्षरशः लगेच. दहा मिनिटे रेंगाळलात तर डोळ्यांदेखत नवा तांबूस पदर चढतो. लाकडी मुठी, पितळी भाग आधी काढून ठेवा.

ते काढताना दोन गोष्टी सांभाळा. स्टॅन्लीच्या स्क्रूंचे आटे बाजारातल्या मापांचे नाहीत. एखादा हरवला तर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जुळणारा मिळत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रू वाटीत ठेवा, जाम झालेल्यात तेल सोडून एक रात्र थांबा. आणि पाते खाली-वर करणाऱ्या पितळी चाकाचे आटे उलटे असतात. ‘सुटत नाही’ म्हणून सवयीने जोर लावून पुष्कळांनी ते मोडले आहे. लाकडी रंध्याची पाचर पकडीने ओढू नका. रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरीने हलके ठोके द्या, ती आपोआप सैल होते.

बिडाचा सांगाडा बोटावर तोलून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला तर तडा शोधा. तो बहुधा पाते बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यात असतो. रंध्याचा तळ आरशासारखा करायची गरज नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, तळावर खडूच्या रेघा ओढा आणि पाते आत घेऊन, पण जागेवर घट्ट कसून, तळ घासा. पुढचे टोक, फटीच्या अलीकडची कड आणि मागचे टोक इथल्या रेघा गेल्या की थांबा. मधला खोलगट भाग कामात आड येत नाही.

लोखंडाला शेवटी शिवणयंत्राचे तेल पुसा. स्वयंपाकघरातले करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल नको. ते हवेत सुकून चिकट होते. लाकडाला हेच सुकणे हवे असते, म्हणून मुठींना आणि लाकडी रंध्याला जवसाचे तेल, पातळ हात देऊन. जवसाच्या तेलाचा फडका मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापते आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडका स्वतःहून पेट घेऊ शकतो. तो पसरून उघड्यावर वाळवा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा कराल तेव्हा हळदकुंकू जरूर वाहा, पण दुसऱ्या दिवशी ते पुसून तेलाचा हात फिरवा. ओल्या गंधाखाली गंज फार लवकर धरतो. हत्यारे वर्तमानपत्रात गुंडाळूही नका, कागद ओल शोषतो.

विकायचा विचार असेल तर एकच सांगतो. जाणता संग्राहक गंजलेल्या पण न छेडलेल्या रंध्याला घासून चकचकीत केलेल्यापेक्षा जास्त पैसे देतो, कारण गंज त्याला काढता येतो, बुजलेला ठसा परत आणता येत नाही. तेव्हा विकायचाच असेल तर घासायच्या आधी विका. ठेवायचा असेल तर पाच नंबरला धार लावा आणि घरातल्या अडकणाऱ्या दाराच्या कडेवर चालवून पाहा.